आईने कोरवलेला लेख

काहीही सांगा, नाण्यांच्या संग्रहालयातले ते कारकून काका चष्मा कपाळावर ढकलून विचारतात, "कोण म्हणतं?" मला त्या प्रश्नाचा संताप येतो आणि धाकही वाटतो. त्या दिवशी पंचवटीतली सभा दोन तासांवर आली होती आणि मी छापलेली पत्रकं त्यांना दाखवायला नेली होती: 'सातवाहन राजाने शकांचा निर्वंश केला!'

"कोण म्हणतं?"

"काका, पांडवलेण्यातला शिलालेख!"

"तो राजाच्या आईने कोरवलाय. माझी आई मला साहेब म्हणायची."

मग त्यांनी एक नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. शक राजाच्या चेहऱ्यावर सातवाहनांचा ठसा मारलेला होता. "शकांना हरवलं, हे खरं. पण निर्वंश कुठला? शकांची नाणी पुढेही निघतातच की."

मी प्रत्येक पत्रकावरची ती ओळ खोडू लागलो. तेही पेन काढून मदतीला बसले. पण खोडता खोडता ते खालच्या ओळीही वाचत होते, आणि त्यांचा चष्मा पुन्हा कपाळावर गेला.