नळीमुळे बसलेला आवाज

गळ्यावरची गाठ मी बरेच दिवस ओढणीखाली लपवली होती. थायरॉइडची गाठ. दुखत नव्हती, म्हणून मीही तिच्याकडे बघत नव्हते. मग पाठीवर झोपलं की श्वास कोंडायला लागला आणि नवऱ्याने मला न सांगता ताईला फोन केला.

आमच्याकडे दवाखान्याचं काहीही निघालं की पहिला फोन ताईलाच जातो. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. आयुष्यभर नर्स होती, एका मोठ्या हॉस्पिटलातून वॉर्डची मुख्य सिस्टर म्हणून निवृत्त झाली. आता कामोठ्याला राहते. शिरवण्यात, आमच्या माहेरी, कुणाचं मूत्रपिंड, कुणाचं अपेंडिक्स, कुणाची बाळंतपणं, सगळं तिच्याच सल्ल्याने झालेलं. तिने ‘कर’ म्हटलं की लोक करतात आणि ती सोबत आली की निम्मी भीती जाते. माझीही गेली.

मी नेरूळच्या एका शाळेत मराठी शिकवते. शिकवत होते, म्हणायला हवं. आई पूर्वी मार्केटात मासळी विकायची. तिचा आवाज पार रस्त्यापर्यंत यायचा आणि तोच माझ्यात उतरला होता. मला वर्गात कधी डस्टर आपटावं लागलं नाही. कवितेला चाल लावून म्हटली की शेजारच्या वर्गातली मुलं सुरात सूर मिसळायची, आणि तिथल्या मॅडम नंतर स्टाफरूममध्ये माझ्यावर लटकं रागवायच्या. स्नेहसंमेलनात माइक बंद पडला तरी कार्यक्रम थांबायचा नाही.

सुईची तपासणी झाली. गाठ साधी निघाली, पण मोठी होती आणि श्वासनलिकेला एका बाजूने दाबत होती. सर्जन शांत, कमी बोलणारे गृहस्थ. ते म्हणाले, काढावी लागेल, उद्याच काढा असं नाही, पण फार लांबवूही नका. मी म्हटलं, स्नेहसंमेलन झाल्यावर बघू. ताईने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे काही बोललेच नाही. मला ईसीजीसाठी बाहेर नेलं तेव्हा ती आत केबिनमध्येच थांबली होती. बाहेर आली तेव्हा मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले. जेवण-पाणी कधी बंद करायचं ते सांगत होते, असं ती म्हणाली.

त्यानंतर ऑपरेशन म्हणजे काय असतं ते तिने मला इतकं नीट समजावलं की मी एखाद्या ओळखीच्या घरी मुक्कामाला निघाल्यासारखी तयारी केली. नेलपॉलिश काढून टाक, बोटाला क्लिप लावतात, रंग असला तर मशीनला ऑक्सिजन कळत नाही. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी घरीच काढून ठेव, तिथे ऐनवेळी जोडवी निघाली नाहीत की चिडचिड होते. पाण्याचा घोटही नाही, तहान लागली तर चूळ भर. आत फार गार असतं, घाबरून थरथरतेय असं वाटेल, पण ती नुसती थंडी असते. भूल देणारे डॉक्टर तुझं नाव विचारतील, काहीतरी गप्पा मारतील, गप्पांच्या मध्येच तू झोपशील. जाग येईल तेव्हा गळ्याला एक बारकी नळी असेल, साचलेलं रक्त बाहेर यायला, तिला हात लावायचा नाही. बोटांना, ओठांभोवती मुंग्या आल्या तर लगेच सांगायचं, कॅल्शियम कमी होतं. आणि घसा बसेल. श्वासासाठी नळी घालतात ना, त्यामुळे. दोन-चार दिवसांत जातं ते.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी ती सीवूड्सला आमच्याकडे आली. माझी बॅग तिनेच भरली, पुढून बटणं असलेले गाऊन निवडून. मी तिला सरळ विचारलं, “ताई, यात काही गडबड होऊ शकते का? खरं सांग.”

ती गाऊनची घडी घालत म्हणाली, “काही होत नाही गं. मी आहे ना.”

दुसऱ्या दिवशी सगळं तिने सांगितलं तसंच घडलं. आत गार होतं. मी थरथरले आणि मला आठवलं की ही नुसती थंडी आहे. भूलतज्ज्ञ बाईंनी विचारलं, काय करता. मी म्हटलं, मराठी शिकवते. त्या म्हणाल्या, मग एखादी कविता ऐकवा. मी पहिली ओळ म्हटली, दुसरी म्हटली की नाही ते आठवत नाही. जाग आली तेव्हा गळ्याला नळी होती, ताईचा हात माझ्या कपाळावर होता, आणि मला वाटलं, हिने सांगितलं त्यात एक अक्षर चुकलं नाही.

मी पाणी मागितलं. आवाज आला नाही, नुसती हवा आली. ताईने माझ्या ओठांना ओला बोळा लावला. नळीमुळे बसलाय, ती म्हणाली, बोलू नकोस.

घरी आले. शेजारपाजारचे, शाळेतले येऊन गेले. मी कुजबुजायचे, ताई किंवा नवरा माझ्या वतीने बोलायचे, आणि सगळे म्हणायचे, हो हो, नळीमुळे होतं तसं, आमच्या नणंदेचंही झालं होतं. टाके निघाले. जखम इतकी सुरेख भरली की गळ्याची नेहमीची वळी कुठली आणि व्रण कुठला ते कळेना. आडवं झाल्यावर श्वास मोकळा यायचा. फक्त आवाज तसाच. पाणी पिताना ठसका लागायचा. एक वाक्य बोलले की दम लागायचा, कारण सगळी हवा फुकट जायची. पहिल्या तपासणीला ताई सोबत होती. डॉक्टरांनी विचारलं, आवाज कसा आहे, आणि माझ्याआधी तीच म्हणाली, आहे थोडा बसलेला, सुधारतोय. मी मान हलवली. सुधारत नव्हता, पण तिला जास्त कळतं असं मला वाटलं.

मधल्या दिवसांत एकदा आईला फोन केला. आई अजून शिरवण्यातच राहते, हल्ली तिला कमी ऐकू येतं. ऑपरेशनची धास्ती घेईल म्हणून तिला आम्ही फक्त माझा घसा बसलाय असं सांगितलं होतं. मी फोनवर जमेल तेवढा जोर लावला.

“कोन?” ती म्हणाली. “कोन बोलतंय?”

मी म्हटलं, आई, मी. पुन्हा म्हटलं. ती कुणाला तरी म्हणाली, फोन खराब झालाय, कुनी बोलत नाय, आणि फोन ठेवला.

पुढच्या तपासणीच्या वेळी ताईला दिराकडच्या लग्नाला जायचं होतं. तारीख पुढे ढकल, असं तिने दोनदा बजावलं. नवऱ्याला सुटी नव्हती. मी म्हटलं, एवढ्यासाठी कशाला ढकलायची, रिक्षाने जाऊन येईन. पहिल्यांदाच मी डॉक्टरांसमोर एकटी बसले.

त्यांनी मला ‘आ’ म्हणायला लावलं, खोकायला लावलं. मग म्हणाले की, आवाजाच्या नसेला धक्का बसलेला दिसतोय, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने बघून घेऊ. गाठ नसेला चिकटलेली होती, सोडवताना असं होऊ शकतं. काही जणांचा आवाज काही महिन्यांत परत येतो, काहींचा पूर्ण येत नाही. हे सगळं ते अशा सुरात सांगत होते की जणू आम्ही पूर्वी बोललेल्या विषयाची उजळणी चालली आहे. “आपण आधी बोललोच होतो,” ते म्हणाले.

मी कुजबुजले, “माझ्याशी नाही बोललात.”

“तुमच्या बहिणीशी बोललो होतो. गाठीचा आकार आणि तुमचं शिक्षिकेचं काम बघून मी मुद्दाम सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, मी स्वतः सिस्टर आहे, मी तिला नीट समजावते.” मग त्यांनी विचारलं, “त्यांनी नाही सांगितलं?”

सह्या मी केल्या होत्या, ताईने जिथे बोट ठेवलं तिथे. ते माझ्याशी बोलले नाहीत, यात त्यांचीही चूक होती आणि ती त्यांच्या चेहऱ्यावर दिसली. पण मला त्यांच्यावर रागवायला सुचलंच नाही. मी उठले, नमस्कार केला, बाहेर येऊन बाकावर बसले. शेजारी एक बाई आपल्या सासूला ऑपरेशनचं समजावत होत्या, काही नाही हो आई, छोटंसं आहे. मला तिथे बसवेना.

संध्याकाळी नवऱ्याला विचारलं. तो शूज काढत होता, तसाच वाकलेला राहिला. त्याला माहीत होतं. ताईने त्याला सांगितलं होतं आणि हेही बजावलं होतं की हिला सांगू नका, ऐकलं तर ही ऑपरेशनच करणार नाही. त्याला ते पटलं होतं. तो म्हणाला, तुझा श्वास अडकायचा तेव्हा मी जागा असायचो गं. हेही खोटं नव्हतं. पण नळीमुळे बसलाय, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगायचा तेव्हा मी समोर बसून मान हलवायचे. ते मला राहून राहून आठवत होतं.

ताई लग्नाहून परतली तशी मी कामोठ्याला गेले. ती स्वयंपाकघरात होती, पंखा घरघरत होता, कुकर चढवलेला. मी दारातच म्हटलं, तुला माहीत होतं.

“काय?” ती म्हणाली. “मोठ्याने बोल.”

मी पुन्हा म्हटलं. कुकरची शिट्टी झाली. तिने कानामागे हात धरला आणि पुन्हा विचारलं, काय म्हणतेस. आयुष्यात पहिल्यांदा मी बहिणीशी भांडायला गेले होते आणि माझं भांडण तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. मी आत जाऊन गॅस बंद केला, पंखा बंद केला आणि तिच्यासमोर उभी राहून तिसऱ्यांदा म्हटलं, “आवाज जाऊ शकतो, हे तुला माहीत होतं.”

ती खुर्चीवर बसली. नाही म्हणाली नाही, हे मी तिच्या बाजूने धरते. ती सांगत गेली, मी ऐकत गेले. तिच्या नोकरीत तिने असे किती पेशंट पाहिले होते, जे धोका ऐकून उठून गेले आणि मग फार उशिरा, श्वास घुसमटलेला असताना परत आले. मी स्नेहसंमेलनाचं नाव काढलं तेव्हाच तिने ठरवलं की मला सांगायचं नाही. नस दुखावण्याची शक्यता कमी होती. होणार नाही असंच तिला वाटलं होतं. झाल्यावर वाटलं, येईल आवाज, मग सांगायची वेळच येणार नाही.

मी म्हटलं, मी ऑपरेशन केलंच असतं ताई. कदाचित मे महिन्यात केलं असतं, एवढंच. संमेलनात उभी राहिले असते. वर्गात मुलांना सांगितलं असतं की बाईंचा आवाज बदलणार आहे. आईशी एकदा भरपूर बोलून घेतलं असतं.

“पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा हेच करीन,” ती म्हणाली. “तू जिवंत आहेस ना?”

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे बरंच होतं, पण तेवढी हवा नव्हती. मी निघाले.

दुर्बिणीत दिसलं की डावी स्वरपट्टी हलत नाही. स्पीच थेरपीला जायला लागले. तिथली मुलगी मला भिंतीला हात लावून जोर करत ‘आ’ म्हणायला शिकवायची. महिने गेले. हळूहळू दुसरी पट्टी पलीकडे जाऊन पहिलीला टेकायला शिकली आणि एक घोगरा, उतरता आवाज आला. तो माझाच आहे असं सगळे म्हणतात. बोलता येतं, हाक मारता येत नाही. वर्षभर झाल्यावर डॉक्टर म्हणाले, याहून फार फरक पडेल असं वाटत नाही, गळ्यात इंजेक्शन देऊन पट्टी फुगवता येते, विचार करा. या वेळी मी त्यांना सगळं विचारलं. काय काय बिघडू शकतं तेही. अजून विचार करतेय. शाळेने माझे वर्ग काढून घेतले आणि मला लायब्ररी दिली. तिथे मोठ्याने बोलायचं नसतंच, असं मुख्याध्यापिका म्हणाल्या. त्यांनी ते चांगल्या मनाने म्हटलं.

ताईशी बोलणं तुटलं नाही. बहिणीशी कुठे तोडणार? सणावाराला भेटतो, ती डबा पाठवते, मी डबा धुऊन परत पाठवते. पण तब्येतीचं काही निघालं की मी गप्प होते, आणि तेही तिला कळतं.

रविवारी आम्ही दोघी शिरवण्याला आईकडे जातो. माझा आवाज आईला ऐकू येत नाही, म्हणून मी बोलते ते ताई तिच्या कानात मोठ्याने सांगते. परवा आईने विचारलं, घसा कवा बरा व्हनार तुजा? मी म्हटलं, नाही होणार आई, डॉक्टर म्हणाले आता असाच राहणार. ताई आईच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, “ती म्हणतेय, होतोय हळूहळू.”

मी ताईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. मी उठले, पलंगाला वळसा घालून आईच्या दुसऱ्या बाजूला बसले, तोंड तिच्या कानाला जवळजवळ टेकवलं आणि सगळं सांगितलं. गाठ, ऑपरेशन, नस, शाळा. मध्ये मध्ये थांबून श्वास घेत. कोण काय बोललं आणि कुणी काय लपवलं, ते मात्र सांगितलं नाही.

आईने ऐकून घेतलं. मग तिने माझ्या गळ्यावर बोट फिरवत व्रण शोधला, तिला तो लगेच सापडला नाही. आधी माझ्याकडे, मग ताईकडे बघून ती म्हणाली, “एवरे दिस तुमी दोगींनी मना का नाय सांगला?”

आई आमच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून आडवी झाली, आणि चहाला उठवलं तरी उठली नाही.