पाठीमागे काय लावलंय?

तुमचा कॉम्प्युटर कधी सकाळी काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ दाखवून गप्प बसलाय का? बसला असेल, तर त्या वेळी छातीत कसं धस्स होतं ते तुम्हाला सांगायला नको. आमच्या झाशीच्या सदर बाजारातल्या दुकानात अशी छाती धरून माणसं रोज यायची. मशीन दुरुस्त होऊन घरी जायचं, पण त्याची गोष्ट आमच्याकडेच राहायची. चौदा वर्षांत इतक्या साठल्या आहेत, की एक सांगायला घेतली तर तिच्यामागून दुसरी आपणहून येते.

दुकान माझ्या धाकट्या दिराचं, दिनकर भाऊजींचं. बाजारात ते ‘दिनकर भैया’ आणि काउंटरवर बसणारी मी ‘भाभीजी’. माझं शिक्षण बारावीपर्यंतचं. पावत्या फाडायच्या आणि चहा सांगायचा, एवढ्यासाठीच मी बसायला लागले होते.

मग भाऊजींच्या डोळ्यांचं झालं. कडेकडेचं दिसायचं, पण बरोबर मधलं पुसून गेलेलं. स्क्रू हाताने लागायचा, माणूस चालीवरून ओळखू यायचा, अक्षर मात्र एकही दिसायचं नाही. ग्वाल्हेरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, “अक्षरं परत येणार नाहीत.”

घरी आल्यावर भाऊजी एवढंच म्हणाले, “वहिनी, बाजारात कळलं तर एक माणूस आपल्याकडे मशीन टेकवणार नाही. तुम्ही वाचा, मी ऐकतो.”

तेव्हापासून पडद्यावर जे उमटेल ते मी मोठ्याने वाचायची. लोकांना वाटायचं, ही या दुकानाची रीतच आहे!

*

पहिल्याच आठवड्यात एक बाबू मशीन घेऊन आले. भाऊजी खुर्चीत पाठ टेकून बसलेले. मी बटण दाबलं. आतून ‘घर्र’ झालं आणि पडदा काळा.

मी चष्मा सारखा करून वाचायला लागणार, इतक्यात भाऊजी म्हणाले, “बाबूजी, फ्लॉपी निकाल लीजिए.”

खरंच आत फ्लॉपी राहिली होती. काढली, मशीन सुरू!

बाबू म्हणाले, “भैया, आपने तो इधर देखा तक नहीं!”

“देखना क्या है? वो खुद ही बता रही थी.”

बाबू हसले. मी मात्र पावती लिहायचं विसरून बघतच राहिले. तो ‘घर्र’ मीही ऐकला होता. मला तो फक्त आवाज वाटला होता.

त्या दिवशी त्यांनी मला समजावलं. “वहिनी, हा कॉम्प्युटर रोज उठतो तेव्हा त्याला काही म्हणजे काही आठवत नसतं. मी कोण, मला काय करायचंय, हे तो जोडलेल्या एकेका ड्राइव्हला, म्हणजे फ्लॉपीला, डिस्कला, विचारत जातो. पहिलीनेच भलतं उत्तर दिलं, नाहीतर उत्तरच दिलं नाही, की हा तिथेच उभा!”

रोज सकाळी सगळं विसरून उठायचं आणि तरी पाच मिनिटांत कामाला लागायचं! त्यानंतर मी मशीन सुरू करताना जरा हलक्या हातानेच बटण दाबायला लागले.

*

सिव्हिल लाइन्समधल्या एका वकीलसाहेबांचं मशीन त्यांच्या ऑफिसात चालू व्हायचं नाही आणि आमच्याकडे आणलं की एका झटक्यात सुरू. रिक्षातून तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्यांदा ते चिडले. “भैया, ये आपसे डरता है क्या?”

चौथ्या फेरीला भाऊजींनी विचारलं, “वकीलसाहब, यहाँ आप खाली डिब्बा लाते हैं. वहाँ पीछे क्या-क्या लगा रहता है?”

“कुछ नहीं. बस एक पेनड्राइव.”

पेनड्राइव्ह तेव्हा नुकते आले होते. साहेबांना तो कोणी भेट दिलेला. चोरीला जाऊ नये म्हणून त्यांनी तो मशीनच्या पाठीमागे खोचला होता आणि कधीच काढला नव्हता. मशीन उठल्या उठल्या आधी त्यालाच विचारायचं आणि अडकायचं.

वकीलसाहेब कपाळावर हात मारून म्हणाले, “यानी मुजरिम घर पर बैठा था, और पेशी बेचारे गवाह की हो रही थी!”

*

त्यानंतर भाऊजींनी नियमच केला. मशीनला जे जे लावलेलं असतं, ते सगळं बरोबर आणायचं.

आमच्या ओळखीच्या करमरकर काकू नियमाला पक्क्या. त्या आल्या तेव्हा ऑटोतून प्रिंटर उतरला, स्पीकर उतरले, स्टॅबिलायझर उतरला, मशीनवरचं भरतकामाचं झाकण उतरलं. सगळ्यांत शेवटी काका उतरले.

भाऊजी म्हणाले, “काकू, काकांना कशाला त्रास दिलात?”

“तूच म्हणालास ना दिनू, लागलेलं सगळं आण? हे दिवसभर त्यालाच लागलेले असतात!”

काका बिचारे स्टूलवर बसून राहिले. मी एकेक वस्तू लावून मशीन सुरू करत गेले आणि काय दिसतं ते सांगत गेले. प्रिंटर लावला आणि मशीन अडलं. भाऊजींनी प्रिंटरच्या पुढच्या अंगावरून हात फिरवला. एका फटीत त्यांचं बोट थांबलं आणि आतून कॅमेऱ्याचं नखाएवढं कार्ड बाहेर आलं. मशीन आधी त्यालाच विचारत बसलं होतं. नातवाच्या मुंजीचे सगळे फोटो त्यात! घरात दोन महिने शोध चालला होता.

काकू काकांकडे वळून म्हणाल्या, “आणि मी कामवालीला बोलले हो!”

*

हा किस्सा माझ्या चुकीचा आहे. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

एका विद्यार्थिनीचं मशीन आलं होतं. प्रोजेक्ट आत अडकलेला. पडद्यावर ड्राइव्हची यादी आली. मी पहिली ओळ वाचली आणि म्हटलं, “हार्ड डिस्क आहे पहिली. ठीक आहे.”

भाऊजींनी दोन तास डोकं घातलं. शेवटी त्या मुलीला सांगायला लागले, “बेटा, लगता है डिस्क गई...” मुलगी रडायलाच लागली.

मी पुन्हा यादीकडे पाहिलं. खाली आणखी एक ओळ होती. दुसरी हार्ड डिस्क! मुलीच्या मामाने जुनी एक डिस्क आत बसवून दिली होती आणि मशीन त्या जुन्या रिकाम्या डिस्कलाच आधी विचारत होतं. दोघींचा नंबर बदलला, प्रोजेक्ट समोर!

मुलगी गेल्यावर मी म्हटलं, “भाऊजी, चुकलंच माझं. मला वाटलं, खालची ओळ काही महत्त्वाची नाही.”

ते रागावले नाहीत. म्हणाले, “वहिनी, तुम्ही वाचलं नाहीत, तर माझ्यासाठी ते जगातच नाही.”

त्यानंतर मी पडद्यावरचा ठिपकासुद्धा गाळला नाही.

*

आणि झाशीजवळच्या चिरगाँवचे मास्टरजी. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, स्वभाव बोलका. बसमध्ये चढले की उतरेपर्यंत अख्ख्या बसला गोष्टी सांगणारे. ते सीपीयू रजईत गुंडाळून, मांडीवर घेऊन आले. गावोगावच्या म्हाताऱ्या बायकांकडून ऐकलेली लग्नातली बुंदेली गाणी त्यांनी त्यात टाइप करून ठेवली होती. त्यातल्या कितीतरी बायका आता राहिल्या नव्हत्या. दुसऱ्या एका दुकानात त्यांना सांगितलं होतं, सगळं पुसून नव्याने भरावं लागेल.

मी बटण दाबलं. पडदा जिथल्या तिथे थांबला. मी वाचलं, थांबले, पुन्हा वाचलं. भाऊजींनी हात वर केला. कान मशीनकडे लावला.

“दो आवाज़ें हैं,” ते म्हणाले. “एक चल रही है. दूसरी टिक-टिक करके रुक जाती है. मास्टरजी, अंदर दो डिस्क हैं?”

“हैं तो. एक पुरानी है, खाली पड़ी है.”

“बस, मशीन उसी का इंतज़ार कर रही है. और वो अब बोलेगी नहीं.”

भाऊजींनी डबा उघडला. बोटांनी वायर चाचपत गेले, प्रत्येक डिस्कवर क्षणभर तळवा ठेवला, आणि त्यातली एक वायर ओढली. मी पुन्हा बटण दाबलं. पडदा उजळला. मी फाइलींची नावं वाचायला लागले, एकामागून एक, गावांच्या नावाने ठेवलेली. मास्टरजींनी टोपी काढून हातात घेतली.

वाचून संपलं. मास्टरजी पडद्याकडे बघतच नव्हते, भाऊजींकडे बघत होते.

“काए भैया, कबै सें?”

“क्या, मास्टरजी?”

“आँखें. चालीस साल लड़के पढ़ाए हैं. कौन खुद पढ़ रओ है और कौन सुन के बता रओ है, इतनो तो पहचानत हैं.”

दुकानात आणखी तीन गिऱ्हाइकं उभी होती. मी काउंटरची कड घट्ट धरली.

“चार साल,” भाऊजी म्हणाले.

मास्टरजींनी सीपीयू पुन्हा रजईत गुंडाळला, मांडीवर घेतला आणि रिक्षातून बस स्टँडकडे गेले. तीन गिऱ्हाइकांपैकी दोघं “फिर आते हैं” म्हणून निघून गेली. संध्याकाळी कुलूप लावताना भाऊजी म्हणाले, “वहिनी, उद्यापासून तुम्ही नाही आलात तरी चालेल.”

मी म्हटलं, “येईन मी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा चिरगाँवच्या पहिल्या बसने आलेले चार जण पायरीवर आपापले सीपीयू मांडीवर घेऊन बसले होते, आणि त्यांतला पहिला उठला, त्याने भाऊजींचा हात हातात घेतला आणि आधी स्वतःचं नाव सांगितलं.