मिस्त्रींचा तळहात आणि बाईंचा जड पाय

मिस्त्रींच्या गॅरेजचा पुढचा अर्धा भाग पाहिला की माणूस पाय पुसून आत यायचा. पाने उतरत्या क्रमाने टांगलेले, लेथ तेल लावून लखलखीत, भिंतीला दरवर्षी नवा रंग. मागच्या अर्ध्या भागाला पडदा होता. त्या पडद्याआड काय आहे हे मिस्त्रींनाही नक्की माहीत नव्हतं. त्यांच्या शर्टाचंही तसंच. पुढून कडक इस्त्री, पाठीवर सुरकुत्या. ‘दिसत नाही ते पुसायचं कशाला?’ हा त्यांचा जगण्याचा नियम होता. बायको म्हणायची, ‘‘यांची दाढीसुद्धा आरशात मावेल तेवढीच होते.’’

धंदा ब्रेकचा. ब्रेक दाबला की स्टिअरिंग हलतं, पायाखाली पेडल धडधडतं, अशा गाड्या त्यांच्याकडे यायच्या. चाकामागे फिरणारी लोखंडी डिस्क एकसारख्या जाडीची राहिली नाही की असं होतं. मिस्त्री ती काढून लेथवर चढवत, वरचा पातळ थर कातून सपाट करत, मग डोळे मिटून तिच्यावरून तळहात फिरवत. ‘‘हं. सरळ.’’ झालं, निकाल लागला. मुलाने एकदा मोजमापाचं डायल गेज आणून दिलं होतं. ते खोक्यासकट दर्शनी कपाटात, शर्यतीत मिळालेल्या कपासारखं ठेवलेलं होतं. ज्याच्या तळहातात गेज आहे त्याला गेज कशाला?

गाडी छान व्हायची. महिन्याभराने पुन्हा थरथरायला लागायची. मालक तक्रार घेऊन आला की मिस्त्री काखा वर करून सांगत, ‘‘डिस्क सरळच आहे. तुमचा पाय जड आहे.’’

हेच त्यांनी शाळेतून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या बाईंना सांगितलं. बाईंची डिस्क त्यांनी दोनदा कातली होती. दोन्ही वेळा महिन्याभरात थरथर परत आली. मिस्त्री चारचौघांत म्हणाले, ‘‘बाई, ब्रेक दाबता की फळा पुसता?’’ चारचौघे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी गाडीवर कापड घातलं, ते घातलंच.

मिस्त्रींची सून गाडी चालवायला शिकवायची. शाळा म्हणजे एकच गाडी, तिची स्वतःची. तीही थरथरायची. दुसऱ्या गॅरेजात न्यावी तर सासऱ्यांचं नाक कापलं जाणार, म्हणून तिने ती तीनदा घरच्या लेथवर चढू दिली. तिन्ही वेळा तेच झालं. ‘‘तुझे शिकाऊ ब्रेकवर उभे राहतात,’’ हा निकालही ठरलेला. त्या शिकाऊंत आता बाईही होत्या. आयुष्यभर गाडी चालवलेल्या बाई पाय हलका करून घ्यायला शिकवणीला आल्या होत्या. सुनेने आठवडाभर त्यांच्या पायाकडे नीट पाहिलं. पायात काही दोष नव्हता.

गाडीची वार्षिक तपासणी जवळ आली. नापास झाली तर ती गाडी शिकवायला वापरता येणार नव्हती, आणि दुसरी गाडी नव्हती. जुन्या डिस्कच्या कडेला कोरलेली किमान जाडी सुनेने वाचली. तीनदा कातून डिस्क तिच्याही खाली गेल्या होत्या. तिने पुढच्या चाकांसाठी नव्या डिस्क आणल्या.

‘‘कातणाऱ्याच्या घरात विकतच्या डिस्क?’’ मिस्त्रींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तरी त्यांनी त्या बसवल्या. डिस्कच्या खोक्यातल्या कागदाला हात पुसले आणि तो खिशात कोंबला.

बाविसाव्या दिवशी, गुरुवारी, गाडी पुन्हा थरथरली. तपासणी सोमवारी होती.

मिस्त्रींना इतका आनंद मुलाच्या लग्नातही झाला नव्हता. चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, ‘‘बघा! नवी कोरी डिस्कसुद्धा थरथरली. म्हणजे दोष माझ्या कातण्यात नव्हता!’’

‘‘अहो, सोमवारी गाडी नापास झाली तर पोरीचं काम बंद पडेल,’’ बायको म्हणाली. ‘‘आणि तुम्ही पेढे वाटल्यासारखे हसताय?’’

सून शांत होती. ‘‘बाबा, जुनी थरथरली, कातलेली थरथरली, नवीही थरथरली. मग न बदललेलं काय राहिलं?’’

‘‘तू,’’ मिस्त्री म्हणाले.

‘‘आणि बसवणारे हात.’’

बायकोने उठून टेबलावर एक चुरगळलेला कागद पसरला. त्यावर तेलाची पाच बोटं उमटली होती. ‘‘कपडे धुवायला टाकताना तुमच्या खिशात मिळाला. वाचा. चष्मा डोक्यावर आहे.’’

कागदावर पहिलंच चित्र तारेच्या ब्रशचं होतं. डिस्क ज्याच्यावर बसते तो हब आधी गंज घासून स्वच्छ करा, असं चित्राखाली लिहिलं होतं. हबवर गंजाचा पापुद्रा राहिला तर डिस्क केसभर तिरकी बसते. सुरुवातीला काही कळत नाही. पण तिरकी डिस्क दर फेऱ्याला ब्रेकच्या पॅडला एकाच जागी घासते, काही आठवड्यांत तिची जाडी कमीजास्त होते आणि थरथर सुरू होते.

मिस्त्रींनी कागद दोनदा वाचला. मग कोणाकडेही न बघता गॅरेजात गेले, चाक उतरवलं, डिस्क काढली. मागे हबवर गंजाच्या खपल्या चढल्या होत्या. त्यांनी तळहात फिरवला. इतक्या वर्षांत तो हात या जागेवर कधी फिरलाच नव्हता.

त्या दिवशी पहिल्यांदा डायल गेजच्या खोक्याची चिकटपट्टी फाटली. दोन्ही हब घासून झाले. नव्या डिस्क कातायला भरपूर जाड होत्या, लेथवर त्यांचा हलका थर कातून झाला. नट समोरासमोरचे, एका जोराने आवळले गेले. डिस्क फिरवली तरी गेजचा काटा जागचा हलेना, तेव्हा मिस्त्रींनी त्याच्याकडे जरा संशयानेच पाहिलं.

सोमवारी गाडी पास झाली.

मंगळवारी एका गिऱ्हाइकाला मिस्त्री छाती काढून सांगत होते, ‘‘हब घासल्याशिवाय डिस्क बसवायची नाही. आपली पहिल्यापासूनची पद्धत आहे.’’

‘‘बाबा,’’ मागून सुनेचा आवाज आला. ‘‘गाडी आणलीय. तुमच्या पहिल्यापासूनच्या पद्धतीची.’’

कापड काढलेली बाईंची गाडी दारात उभी होती. बाई उतरून खुर्चीवर बसल्या. गिऱ्हाईक काढता पाय घेत होतं, सुनेने त्याला थांबवलं. ‘‘थांबा हो काका, बघून जा. शिकण्यासारखं आहे.’’

चाक निघालं, डिस्क निघाली. हबवरचा गंज बघायला बाई वाकल्या.

‘‘हे काय?’’

‘‘हवा दमट आहे ना बाई हल्ली.’’

‘‘दोनदा तुम्हीच डिस्क काढलीत. तेव्हा हवा कोरडी होती का?’’

मिस्त्री तारेच्या ब्रशने असे घासू लागले की बाकी काही ऐकू येऊ नये. हब साफ झाला, किमान जाडी तपासून पुन्हा हलकी कातलेली डिस्क त्यावर चढली, चाक जागेवर आलं. त्यांनी पान्यासाठी हात पुढे केला. पाना सुनेच्या हातात होता आणि तो पुढे येत नव्हता.

‘‘आधी बोला, मग पाना.’’

‘‘सासऱ्याला अडवतेस?’’

‘‘गाडी अडली होती तेव्हा तुम्ही हसलात.’’

मिस्त्रींनी घसा साफ केला. चाकाकडे बघत पुटपुटले, ‘‘बाई, तुमचा पाय... तसा बरा आहे.’’

‘‘शेवटच्या बाकापर्यंत ऐकू यायला हवं,’’ बाई म्हणाल्या.

‘‘तुमचा पाय जड नव्हता. माझं चुकलं. दोन्ही वेळा.’’

बाईंनी फक्त मान हलवली. वह्या तपासतानाही त्या एवढंच करायच्या. पाना हातात आला. नट आवळले गेले. मिस्त्रींनी सवयीने खिशातून फडकं काढलं आणि चाकाची बाहेरची बाजू चकचकीत करायला घेतली.

बाई गाडीत बसल्या आणि काच खाली केली.

‘‘ते राहू द्या, मिस्त्री. दिसतं ते मी घरी पुसेन.’’