बारा एमएमचा डबा

मी तशी भित्री नाही. चिडकी आहे, हे सासरचं कोणीही सांगेल. म्हणून सोमवारच्या मोजणीत बारा एमएमचे ग्रोमेट पहिल्यांदा कमी भरले तेव्हा मी घाबरले वगैरे नाही, सरळ पॅकिंगच्या बाईंवर ओरडले.

धुळ्यात आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर ठिबकच्या सुट्या भागांचं ऑनलाइन दुकान आहे. नवऱ्याने उभं केलेलं. कॉक, जॉइनर, ड्रीपर, फिल्टरच्या जाळ्या आणि ग्रोमेट, म्हणजे पाइपाच्या भोकात नळी घट्ट बसावी म्हणून घालतात ते काळं रबर. ऑर्डरी बहुतेक रावेर-यावलच्या केळीवाल्यांच्या. दोन वर्षांपूर्वी तो अपघातात गेला आणि दुकान माझ्या गळ्यात पडलं. घरात उरलो मी आणि आबा, माझे सासरे. शिंदखेड्याकडचं गाव सोडून ते मुलाजवळ राहायला आले होते. आता दिवसभर फाटकासमोर खुर्ची टाकून बसायचे.

बारा एमएमचे ग्रोमेट आता कोणी मागवत नाही, सगळ्यांची नळी सोळाची. दोन वर्षांत त्या डब्यातून एकही नग विकला गेला नव्हता. तरी दर सोमवारी डबा काट्यावर ठेवला की मूठभर माल कमी. उंदीर म्हणावं, तर शेजारच्या डब्यातलं सोळाचं रबर त्यांना कडू लागत होतं की काय! बाईंनी पोरांची शपथ घेतली. मी खरा आकडा कॉम्प्युटरमध्ये टाकायचे आणि पुढच्या कामाला लागायचे.

मग एका दुपारी टेम्पो आला. ड्रायव्हर नवा होता. त्याने फाटकातून माझ्या नवऱ्याच्या नावाने हाक मारली, पूर्ण नाव, मधल्या आबांच्या नावासकट. "भाऊ आहेत का? जळगावहून पार्सल."

माझ्या हातातली चिकटपट्टी हातातच राहिली. आबा खुर्चीतून शांतपणे त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "शे ना. ठेव तठे." आहे ना, ठेव तिथे; जणू तो आतच बसलाय.

खोक्यावर स्केचपेनने नवऱ्याचं नाव होतं आणि आत बारा एमएमचे ग्रोमेट. संध्याकाळी कॉम्प्युटर उकरला तेव्हा निम्मा उलगडा झाला. प्रत्येक वस्तूला त्याने किमान साठा लावून ठेवला होता. साठा त्याखाली गेला की प्रोग्राम आपोआप जळगावच्या होलसेलवाल्याला मागणी पाठवायचा, त्याच्याच नावाने. बाकीचा माल मी आधीच फोन करून मागवते, त्यामुळे ही वेळ कधी आली नव्हती. मागणी कोण पाठवतं ते कळलं. डबा कोण रिकामा करतंय ते कळलं नाही.

पार्सलं येत राहिली. महिन्यातून एकदा तरी भर दुपारी फाटकाशी त्याच्या नावाची हाक यायची आणि आबा "शे ना" म्हणायचे. मला आबांचा राग यायचा, पण म्हाताऱ्या माणसाला काय बोलणार?

नवरा फोनवर बोलताना एक ग्रोमेट बोटात घालून फिरवत बसायचा आणि बोलणं संपलं की की-बोर्डच्या डावीकडे ठेवायचा. एका सकाळी तिथे ग्रोमेट होता. मी तो उचलला नाही. दुपारपर्यंत टेबलाकडे पाठ करून लेबलं चिकटवत बसले.

त्यानंतर भाकरीला वास येऊ लागला. आमच्याकडे दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी खातात, गावाहून येते. कोठीतून दळण काढायचं काम आबांचं. तव्यावरची भाकरी फुगली की नव्या रबराचा वास यायचा, दुकानातून वर आल्यावर त्याच्या शर्टाला यायचा तोच. मी आबांना विचारलं, "भाकरीला कसला वास येतोय का?"

"नही," आबा मान खाली घालून म्हणाले आणि जेवत राहिले.

तेव्हा मात्र मी घाबरले. वेड लागायच्या आत हे थांबवायचं ठरवलं. नवा प्रोग्राम घेतला, आणि त्यावर सगळीकडे माझं नाव. जेवताना आबांना सांगितलं, "एक तारखेपासून मागणी माझ्या नावाने जाईल. त्याच्या नावाची पार्सलं बंद."

"बठ्ठी?" आबांनी विचारलं.

"सगळी," मी म्हणाले.

दोन दिवसांनी आबा गावाकडे लग्नाला गेले आणि पीठ संपलं. मी कोठीचं झाकण काढून दादरीत कोपरापर्यंत हात घातला. दाण्यांच्या खाली काहीतरी मऊ, गोल, थंड लागलं. एक नाही, ढीगभर. मी किंचाळून हात ओढला, तर बोटात एक ग्रोमेट अडकून वर आला होता.

आबा परतले तसा तो त्यांच्यापुढे ठेवला. ते म्हणाले, "तू सोमवारे मोजस. डबा खाली व्हयना का मागणी आपोआप जास, त्यानीच माले सांगेल व्हतं. मग त्यानं नाव येस. टेम्पोवाला हाक मारस. तितलंच."

मी खूप ओरडले. इतके महिने जिवाची घालमेल झाली होती, ती सगळी त्यांच्यावर काढली. शेवटी विचारलं, "आणि टेबलावर ठेवला होता तो?"

"कोणता?" आबा म्हणाले. "त्या टेबलजोडे मी जास नही."



आबांनी दादर चाळून एकूण एक ग्रोमेट डब्यात परत टाकले. खुर्ची फाटकाकडून भिंतीकडे वळवली. त्यांचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. एक तारखेला मी सगळा साठा नव्या प्रोग्रामवर चढवला, फक्त बारा एमएमची ओळ जुन्यावर तशीच ठेवली. का ठेवली, हे तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नाही.

सोमवारी डबा काठोकाठ भरलेला होता. खोटा आकडा टाकता आला असता, पण मोजणीत खोटं मला जमत नाही. आबा आंघोळीला गेलेले पाहून मी डबा वर नेला, ओंजळी भरभरून ग्रोमेट दादरीत टाकले आणि वरून दाणे सारखे केले. मग खाली येऊन उरलेले मोजले आणि आकडा टाकला.

गुरुवारी दुपारी टेम्पो थांबला. फाटकातून हाक आली, पूर्ण नावाने. आबांनी भिंतीकडची मान वळवली, पण तोंड उघडलं नाही, माझ्याकडे बघत राहिले.

"शे ना," मी म्हणाले. "ठेव तठे."