मागच्या सीटचा विमा

आमच्या गल्लीत फटफटी एकच होती, आणि ती गोपाळरावांची होती असं कागदोपत्री म्हणता येईल. खरं पाहिलं तर पुढची सीट तेवढी त्यांची, मागची गल्लीची. जंगलखात्यातला कोणी साहेब बदलून गेला आणि जाताना ती जुनी गाडी यांच्या गळ्यात टाकून गेला. गोपाळराव आदिलाबादच्या तहसील कचेरीत पेशकार. आठवडाभर साहेबासमोर मिसली, म्हणजे कागदांची बांधलेली दप्तरं, सोडायच्या, वाचून दाखवायच्या, पुन्हा बांधायच्या. माणूस जन्मतःच थकलेला असावा. बारशाला पाळण्यात घातलं तेव्हाही 'आता तरी पडू द्या' असंच तोंड केलं असेल.

गाडी घेतली ती मात्र हौसेनं नव्हे. त्यांच्या बायकोला, सुभद्रावहिनींना छातीचं दुखणं लागलं होतं. पांढरकवड्याचा डॉक्टर चांगला, म्हणून त्या तिथं भावाकडे जाऊन राहिल्या होत्या. पांढरकवडा पैनगंगेच्या पलीकडे, इंग्रजी अंमलात; आम्ही अलीकडे, निजामाच्या. गोपाळरावांना शुक्रवारी, जुम्म्याची काय ती तातील; बाकी सहा दिवस कचेरी. त्या दिवशी सकाळी निघायचं, दुपारभर वहिनींजवळ बसायचं, दिवस मावळता परत यायचं, एवढाच त्यांचा बेत.

तो बेत आम्ही तडीस जाऊ देत नव्हतो.

जुम्मा उजाडला की शेजारचे भगवंतराव छत्री घेऊन दारात उभे. त्यांचं शेत मावल्याला. आता मावला शहराच्या दक्षिणेला आणि पांढरकवडा उत्तरेला, पण भगवंतराव म्हणायचे, "वाटेतच तं आहे बाप्पा." भगवंतराव मागं बसले की गाडीचं पुढचं चाक आभाळाकडे पाहू लागायचं. त्यांना सोडून येतात तो समोरची बयनाबाई कोहळा मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेली. तिला लेकीकडे, जैनदला जायचं असे. मीही अधूनमधून बसत असे. अधूनमधून म्हणजे एक जुम्मा सोडून दुसऱ्या जुम्म्याला, आणि सोडलेल्या जुम्म्याला काही काम निघालं तर.

गोपाळराव कुणाला नाही म्हणत नसत. नाही म्हणायला जो जोर लागतो तो त्यांच्यात उरत नसे. पांढरकवड्याला पोचेपर्यंत जेवणं निवून जात. वहिनींचं औषध, दोन शब्द, की निघालेच परत. एका जुम्म्याला तर भगवंतरावांचं बियाणं आणता आणता दुपार टळली आणि ते गेलेच नाहीत. वहिनी संध्याकाळपर्यंत दारातल्या खाटेवर बसून होत्या म्हणे. पुढच्या खेपेला त्या रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "तुमी थकता. नका येत जाऊ." ते गोपाळरावांना फार लागलं. मला सांगताना आवाज नेहमीसारखाच मंद होता, पण हातातली सुपारी त्यांनी तोंडात टाकलीच नाही.

अशात पलीकडे इंग्रजी मुलखात नवा कायदा आला. मोटार असो की फटफटी, विमा काढल्याशिवाय रस्त्यावर आणायची नाही. आमच्या निजामी हद्दीत कुणी विचारत नव्हतं, पण नदी ओलांडायची तर विमा हवाच. मग विम्याचा एजंट आला, यवतमाळकडचा माणिकराव. टोपी तिरपी, तोंडात गूळ. तो ओट्यावर टेकला आणि गल्ली भोवती जमली, जणू विमा सगळ्यांचाच निघायचा होता.

"हे पाहा," माणिकराव म्हणाला, "पहिला प्रकार, तुमच्या गाडीखाली दुसरा कोणी आला तं त्याची भरपाई कंपनी देते. कायद्याले एवढं पुरते. दुसरा प्रकार, त्यात मागं बसलेला माणूसही येते. तिसऱ्यात गाडीची मोडतोडही आली."

"दुसरा घ्या," भगवंतराव लगेच म्हणाले.

"काऊन?" गोपाळरावांनी विचारलं.

"जिवाची काळजी नको का माणसाले?"

"तुमच्या जिवाची?"

"मंग? माया जीव तुमच्याच मागं बसून राह्यला ना."

बयनाबाईला तिसराही चालला असता, फक्त त्यात कोहळा येतो का ते तिनं दोनदा विचारून घेतलं. मी म्हटलं, "गोपाळराव, सगळ्यात भारी तोच काढा. आमचं काही बरंवाईट झालं तं तुमाले तरी वाईट वाटायला नको."

गोपाळरावांनी आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मिसल बांधताना पाहतात तसं. मग म्हणाले, "पहिला."

पुढच्या जुम्म्याला भगवंतराव छत्री घेऊन आले, तेव्हा गोपाळरावांनी गाडी सुरू करता करताच सांगितलं, "मागच्या सीटचा विमा नाही. कोणी बसलं तं कंपनी पुढचाही रद्द करते. मंग नदी ओलांडता येत नाही."

"जरासं मावल्यापर्यंत—"

"कंपनीचा कायदा आहे, भगवंतराव. माया नाही."

आता यातला शेवटचा भाग साफ खोटा होता. कंपनी असलं काही रद्द करत नव्हती. मला ठाऊक होतं, कारण माणिकराव जाताना माझ्याकडे चहा पिऊन गेला होता आणि मी त्याला उलटसुलट विचारून घेतलं होतं. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे गल्लीत शेंबडं पोरही सांगेल. ही राहिली. का राहिली ते विचारू नका. तेव्हापासून चालून चालून माझ्या पोटऱ्या दगड झाल्या.

पावसाळा गेला, कापूस फुटला. गोपाळराव जुम्म्याला सकाळी निघत ते थेट नदीपलीकडे. मागची सीट रिकामी. चेहरा थकलेलाच, पण आता नुसता कचेरीचा थकवा, त्यात आमचा वाटा नव्हता. वहिनींना उतार पडत गेला आणि थंडी सुरू होताना डॉक्टर म्हणाला, घरी न्या.

तिथं पुन्हा अडलं. भाऊ छकडा देत होता. वहिनी म्हणाल्या, "छकड्यात मी यायची नाही. तुमी पुढं फटफटीवर अन् मी मागून धूळ खात? मी तुमच्या मागं बसून येईन." पण विमा नसलेल्या सीटवर आजारातून उठलेली बायको बसवायची हे गोपाळरावांच्या मनाला येईना. त्यांनी माणिकरावाला गाठलं.

"फक्त बायकोपुरता निघत नाही का?"

"नाही पेशकार साहेब. विमा सीटचा असते. त्यावर कोण बसलं ते कंपनी पाहत नाही."

"कंपनीनं पाहिलं तं बरं होईल."

"काऊन?"

गोपाळराव कचेरीच्या वाटेला लागले. सीटचा विमा काढला तर गल्लीला कळणारच. माझ्यापासून लपवतील, पण माणिकरावाचं गुळाचं तोंड कोण बंद करणार? पुढचे आठ-पंधरा दिवस ते जाता-येता त्या गाडीकडे असं पाहायचे, जसं माणूस दुखऱ्या दाढेला जिभेनं चाचपतो. मी विचारलं, "काय ठरलं?" तर म्हणाले, "काय ठरायचं. तिले आणायचं आहे." आणि दुसऱ्या प्रकारचा विमा काढून आले.

वहिनी आल्या. वाळल्या होत्या, पण फटफटीवरून उतरल्या त्या कुणाचा हात न धरता.

बातमी फुटलीच, आणि शपथ घेतो, माझ्याकडून नाही. त्यानंतरच्या पहिल्याच जुम्म्याला भगवंतराव छत्रीसह हजर. मागून बयनाबाई. गोपाळराव दारात आले, दोघांना पाहिलं आणि गाडी बाहेर काढू लागले. खांदे पुन्हा जुन्या जागी उतरलेले.

तेवढ्यात वहिनी शाल लपेटून बाहेर आल्या आणि मागच्या सीटवर बसल्या.

"कुठं निघाल्या, वहिनी?" भगवंतरावांनी विचारलं.

"मावल्याले. तळ्यावर."

"काही काम?"

"बसाले."

"मंग त्याइले परत धाडा ना जरासं. तुमी बसा आरामात."

"ते झोपतील तिथं."

"किती वेळ?"

"उठेपर्यंत," वहिनी म्हणाल्या आणि नवऱ्याच्या पाठीला बोटानं टोचलं.

फटफटी गेली. भगवंतराव छत्री उघडून चालू लागले. मलाही त्या बाजूला काम होतं, त्यांच्याबरोबर बोलत बोलत निघालो. ते शेताकडे वळले, मी तळ्याच्या काठानं पुढं गेलो.

गोपाळराव झाडाखाली पडले होते. तोंड अर्धवट उघडं, टोपी छातीवर. वहिनी गाडीला टेकून पाण्याकडे पाहत होत्या. मला पाहून त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

"पायी आले काय, भाऊजी?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मान डोलावली. त्या थोड्या सरकल्या आणि सावलीत जागा केली. मी चपला काढल्या आणि बसलो. तिघांपैकी कुणालाच घाई नव्हती.