काकडीराजाचा वंशज

ब्रह्मदेशातल्या आमच्या बागान भागात एक जुनी गोष्ट सांगतात. राजाने न विचारता काकडी तोडली म्हणून शेतकऱ्याने त्याच्या डोक्यात दांडकं घातलं, राजा जागीच मेला, आणि राणीने त्या शेतकऱ्यालाच गादीवर बसवलं. आमच्या गावचा ऊ पो लुइन स्वतःला त्याचाच वंशज म्हणवायचा. तीस वर्षं हा ऐतखाऊ आपल्या काकडीच्या मळ्याच्या तोंडाशी दांडकं घेऊन सुपारी चघळत बसला. पाणी शेंदायची, वेल चढवायची ती त्याची बायको दॉ ट्वे. याने फक्त शेळ्यांवर आणि म्हाताऱ्यांवर डोळे वटारले.

एकदा सरकारी गाडी थांबली. साहेब उतरला आणि कुणाला न विचारता काकडी तोडून कराकरा खाऊ लागला. आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो. वंशज उठले, दांडकं पाठीमागे लपवलं, गुडघे टेकले.

"साहेब, ती जून आहे. ही कोवळी घ्या. अगं, तिखट-मीठ आण!"

दॉ ट्वेने आणून दिलं. गाडी गेल्यावर तिने त्याच्या हातातलं दांडकं हिसकावलं आणि चुलीत सारलं.

"अगं, अगं, आजोबांचं आहे ते!"

"असू द्या, महाराज," ती म्हणाली. "आज निदान भात तरी शिजेल त्याच्यावर."