पिठल्याचा टोप

"दार हाय ना? मंग उघरंल," असं म्हणत आमची ठाकुर्लीची वयनी कोणाच्याही घरात शिरायची. बेल वाजवणं तिला परकेपणाचं वाटे. आमची सोसायटी तिच्या सासऱ्यांच्या भातशेतीवर उभी. त्यामुळे असेल, सगळी घरं तिला आपल्याच खळ्यातली वाटत. माझ्या स्वयंपाकघरात तर सकाळी ती माझ्याआधी पोचलेली असे.

तिची लेक जर्मनीत बाळंत झाली तेव्हा सोबत म्हणून मी गेले. मी तेव्हा साठीची कोवळी. शाळेतून निवृत्त झालेली इंग्रजीची बाई, त्यात फोनवरून जर्मन शिकलेली. तिकडच्या रीतीभाती वयनीला मी समजावणार होते, बघा.

लेकीच्या समोरच्या घरात एक म्हातारं जोडपं राहायचं. म्हातारीने दोन तक्रारी केल्या होत्या. एक फोडणीच्या वासाची, एक बाळाच्या रडण्याची. तिसरी आली तर घर सोडा, असं घरमालकाने बजावलेलं. आम्ही पळीसुद्धा जपून ठेवायचो.

एका सकाळी म्हातारीचा नवरा वारला आणि काळ्या गाडीतली माणसं त्याला उचलून घेऊन गेली. रडणं नाही, कोणाचं येणं नाही. दार लागलं ते लागलं.

"मानूस गेला, आन् तिच्या चुलीचा कोन बघंल?" वयनी येरझारा घालू लागली.

"आई, इथे असं कोणी जात नाही. तुझ्या पाया पडते. मी ओली बाळंतीण, कुठे घर शोधत फिरू?"

वयनीने शांतपणे ऐकलं आणि पिठलं ढवळायला घेतलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी पिठलं-भात न्यायचा, एवढंच तिला ठाऊक.

"लसून नाय घातला," ती मला म्हणाली. "तिला वास नको ना."

टोप घेऊन ती निघाली, तिला अडवायला मी मागोमाग गेले. तिने दार ढकललं. उघडेना, तेव्हा थापा मारल्या. म्हातारी दारात आली, ओठ घट्ट मिटलेले. मी सरसावून पुढे झाले. आयत्या वेळी मला एकच जर्मन वाक्य आठवलं, ते म्हटलं: "माफ करा, स्टेशन कुठे आहे?"

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. तेवढ्यात वयनीने चपला काढल्या, तिच्या हाताखालून आत गेली, जमिनीवर बसली आणि कधी न पाहिलेल्या त्या माणसासाठी गावाकडच्यासारखा गळा काढला. जिन्यातली दारं उघडली. वरच्या मजल्यावर कोणीतरी फोन कानाला लावला. माझ्या मागे बाळाला घट्ट धरून लेक पुटपुटली, "गेलं घर."

म्हातारीने आम्हा सगळ्यांवर नजर फिरवली आणि दार लावून घेतलं. आतून.

बाहेर आम्ही आणि वयनीच्या चपला. आतला गळा थांबला. मग दुसरंच कोणीतरी रडू लागलं.

बऱ्याच वेळाने वयनी टोप घेऊन बाहेर आली. "दोन घास खाल्ले तिनं, बाकीचा काढून ठेवला." मग कुरकुरली, "पन टोप रिकामाच दिलान."

तिसरी तक्रार आली नाही.

यंदा वयनी गेली. तिच्या मुलाने नव्या टॉवरमध्ये घर घेतलंय, तिथे मी पिठलं-भात घेऊन गेले. दाराशेजारच्या डबीतून त्याचा आवाज आला, "बाई, कशाला त्रास घेतलात? जेवण मागवलंय आम्ही."

दार बंदच होतं. टोप हाताला चटके देत होता.

"दार हाय ना?" मी त्या डबीला म्हटलं आणि चपला काढल्या.